पंचावन्न इंचांतली वाकडी रेषा

२४ ऑगस्ट, रविवार

टीव्ही आला. पंचावन्न इंच, फोर के. खोका जिन्याच्या वळणावर अडकला आणि सगळी चाळ सल्ला द्यायला बाहेर आली. तिरका करा, उभा करा, कठडा काढा. शेवटी खोका तिथेच फाडून नुसता टीव्ही वर आणला. नितीनच्या चेहऱ्यावर बाळंतपण उरकल्याचा भाव. नवरा माझा, पण एवढा घामाघूम मी त्याला लग्नातही पाहिला नव्हता.

हा सगळा घाट अण्णांसाठी. माझे सासरे कधी काही मागत नाहीत, पण उन्हाळ्यापासून भुणभुण होती. "ह्या टीव्हीचा चित्र खराब झाला गो शुभा. लायनी नीट दिसनत नाय." लायनी म्हणजे कबड्डीच्या. गिरणीच्या संघात खेळले, मग जन्मभर पंचगिरी केली, आता लीगचे सामने बघत टीव्हीतल्या पंचांना शिव्या घालतात. लीग सुरू व्हायच्या आत नवा टीव्ही हवाच होता.

दुकानात सेल्समनने आम्हाला बरोबर मधोमध उभं केलं आणि मासे दाखवले. निळं पाणी, केशरी मासे, खवला न् खवला वेगळा. मी बाजारात सुरमई घेतानासुद्धा इतकं निरखून बघत नाही. "मॅडम, या रेंजमध्ये याच्या वर काही नाही." घेतला.

दारासमोरच्या भिंतीवर लावला. आमच्याकडे टीव्ही तिथेच लागतो, म्हणजे गॅलरीतल्यांनाही दिसतो. शेजारचे पाटकर काका, अण्णांचे गिरणीपासूनचे दोस्त, उंबऱ्यात स्टूल टाकून बसतात. अण्णा बाजूच्या भिंतीला लागलेल्या खाटेवर, उजव्या कुशीवर, अर्धा चेहरा उशीत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती जागा त्यांची. जुना बत्तीस इंची पाटकर काकांना देऊन टाकला.

४ सप्टेंबर, गुरुवार

गावचे गणपती करून परत. कपड्यांचा डोंगर. खोबऱ्याच्या वड्या मुंग्यांनी आधी खाल्ल्या.

संध्याकाळी अण्णांचा नव्या टीव्हीवरचा पहिला सामना. तन्वीने आजोबांसाठी आवाज मोठा करून दिला, एरवी या मुलीला बारावीच्या अभ्यासाचं निमित्त पुरतं. पाच मिनिटांत अण्णा, "रेषा वाकडी दिसता." मग, "पोरगे फिके दिसतत." नितीन टीव्हीसमोरच्या मधल्या खुर्चीत पाय पसरून. त्याला सगळं झकास. "अण्णा, एवढा क्लिअर आहे, अजून काय पाहिजे?"

अण्णा उठून बसले आणि उजवा डोळा मिटून बघायला लागले. पंचगिरीची खोड. मैदानात रेषेच्या टोकाशी उकिडवं बसायचं, उजवा डोळा मिटायचा, डाव्याने रेषेवर नजर लावायची, गवंडी ओळंबा बघतो तशी. टाच रेषेला लागली की नाही हे अण्णांनी सांगितलं की काळाचौकीत कोणी वाद घालत नसे. आता टीव्हीवरही तेच. मला हसू आलं.

"वाकडीच," म्हणाले आणि परत आडवे झाले.

६ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी. लालबागकडून ढोल, ताशे, खिडकीच्या काचा थरथरतात. मिरवणूक बघायला उतरले आणि पाय मुरगळून आले. घोटा भज्यासारखा फुगलाय.

जेवताना नितीनने विषय काढला. मोतीबिंदू असणार, या वयात होतोच, परळच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात १७ ची अपॉ. घेतली आहे. अण्णांनी ताट सरकवलं. "माझे डोळे बरे आसत. तुमचो टीव्ही वायट." म्हणाले आणि खाटेवर जाऊन पडले. म्हातारी माणसं डोळ्यांच्या डॉक्टरला इतकी का घाबरतात कोण जाणे.

७ सप्टेंबर, रविवार

आज जे झालं त्याने मी अजून चक्रावलेली आहे.

पाय वर ठेवायचा म्हणून दुपारी अण्णांच्या खाटेवर पडले. अण्णा पाटकरांकडे. टीव्हीवर सिरीयल चालू. बघते तर नायिकेची काळी साडी राखाडी. चेहऱ्यांवर टाल्कम पावडर थापल्यासारखी. रात्रीचा सीन होता, त्यात नुसतं धुकं. वाटलं बिघडला. लंगडत मधल्या खुर्चीपर्यंत गेले, साडी काळी. परत खाटेवर, साडी राखाडी. दुखऱ्या पायाने कितीतरी फेऱ्या घातल्या, तन्वी म्हणाली आई तू ठीक आहेस ना.

अण्णा खरं बोलत होते. त्यांच्या जागेवरून हा टीव्ही दिसतच नाही. आणि आम्ही मधोमध बसून त्यांचे डोळे गेले असं ठरवून मोकळे.

नितीनला आल्या आल्या खाटेवर आडवं केलं. बघत राहिला. मग हळूच, "आयला."

९ सप्टेंबर, मंगळवार

ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत टीव्हीबद्दल वाचत बसले. मी विमा कंपनीत क्लेम तपासते. बारीक अक्षरात काय लपवतात हे मला कोणी शिकवायला नको, मी त्याच खानावळीत जेवते. पण हे वाचून मीही गार.

खोक्यावर लिहिलंय, १७८ अंशांतून दिसतो. म्हणजे जवळजवळ भिंतीला डोकं टेकलं तरी. आता कळलं की "दिसतो" याचा अर्थ काहीतरी दिसतं, एवढाच. काळं-पांढरं वेगळं ओळखू आलं तरी आकडा खरा. म्हणजे खोटं काही नाही.

एच. डी. आर. चा चकचकीत स्टिकर. त्याचा अर्थ, तसलं जास्त उजेडाचं चित्र पाठवलंत तर टीव्ही घेईल. दाखवायला लागतो तेवढा उजेड त्याच्यात नाही. उलट ते चित्र आणखी अंधारं होतं. मोशन १२० पण तसंच, पडदा सेकंदाला साठच वेळा बदलतो, बाकीचे साठ कुठून आणतात ते त्यांनाच ठाऊक. आणि कहर म्हणजे एकाच मॉडेलमध्ये कधी या जातीचा पडदा बसवतात, कधी त्या. एकात काळं चांगलं पण समोरूनच, दुसऱ्यात बाजूने बरं पण काळं जेमतेम. तुमच्या वाट्याला कुठला, ते खोका उघडल्यावर.

संध्याकाळी अण्णांना सगळं वाचून दाखवलं. किती दिवसांनी हसले. "मी सांगी होतंय."

११ सप्टेंबर, गुरुवार

कस्टमर केअर. गोड आवाजाची मुलगी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, हा डिफेक्ट नाहीये. या मॉडेलचं लिमिटेशन आहे."

मी म्हटलं, मग ते खोक्यावर का छापत नाही?

"खोक्यावर फीचर्स छापतात मॅडम."

मी फोन ठेवला. याच सुरात मी रोज लोकांशी बोलते.

१३ सप्टेंबर, शनिवार

फिकेपणाचा छडा लागला, राहिली वाकडी रेषा. अण्णा रोज म्हणतात, मधेच वाकते. नितीन म्हणतो मला तर सरळ दिसते. आज सामना चालू असताना टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसले. अण्णांच्या उशाखालचं भिंग घेतलं. पेपर वाचायचं त्यांचं लहान भिंग असायचं, हे नवंच, पापडाएवढं. कधी आणलं कळलं नाही.

भिंगातून आधी लाल-हिरव्या-निळ्या रेघोट्या. म्हणजे ठिपके आहेत पुरेसे. मग कॅमेरा फिरला आणि मैदानाची तिरकी रेषा बघितली. सरळ नव्हतीच. पायऱ्या पायऱ्या, आमच्या जिन्यासारख्या, आणि त्या पायऱ्या वळवळत होत्या.

शोधल्यावर कारण सापडलं. आमचा केबलचा डबा जुना, साधं चित्र पाठवतो. टीव्ही ते ताणून पंचावन्न इंचांवर पसरवतो आणि मधल्या जागा अंदाजाने भरतो. स्वस्त टीव्हीचा अंदाजही स्वस्त. एवढा फोर के घेऊन आम्ही बघत होतो काय, तर बत्तीस इंचांचंच चित्र, फुगवलेलं. दुकानातले मासे कुठून यायचे मग.

वाकडी रेषा सापडली. टीव्हीनेच वाकडी केली.

१४ सप्टेंबर, रविवार

परीक्षा घेतली. रीतसर, सगळ्यांसमोर. अण्णांना खाटेवरून उठवून मधल्या खुर्चीत ताठ बसवलं. पाटकर काका साक्षीला उंबऱ्यात. सामना लावला.

अण्णा बराच वेळ बघत राहिले. "हां. आता बरा दिसता."

"रेषा?"

"सरळ आसा."

पाटकर काकांनी टाळी वाजवली. तन्वी म्हणाली आई तू वकील व्हायला हवी होतीस. नितीनने अण्णांची माफी मागितली, म्हणजे त्यांच्या पुढ्यात चहा नेऊन ठेवला. मला इतकं छान वाटलं की रात्री शिरा केला.

१५ सप्टेंबर, सोमवार

हॉस्पिटलची अपॉ. रद्द केली. नितीनचं म्हणणं, घेतलीच आहे तर दाखवून टाकू. मी म्हटलं, कशाला, टीव्हीचा गुन्हा आणि शिक्षा त्यांना? अपॉ. चं ऐकल्यापासून धड जेवत नव्हते. फोनवरची मुलगी म्हणाली दुसरी तारीख देऊ का. म्हटलं गरज नाही.

अण्णांना सांगितलं तर दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२० सप्टेंबर, शनिवार

दुकानात गेलो. बदलून देणार नाहीत, अपेक्षाच नव्हती. तोच सेल्समन. त्याला म्हटलं जरा बाजूला उभे राहून बघा तुमचे मासे. तो उभा राहिला. "मॅडम, साइडने कोण बघतं?"

त्याला एकदा आमच्या खोलीत आणून बसवायला हवं. आमच्याकडे समोरून बघणारा एक, बाजूने बघणारे बाकी सगळे.

केबलवाल्याकडून एच. डी. चा डबा घेतला. पायऱ्या बऱ्याच कमी झाल्या. येताना पाटकर काकांकडे डोकावले, आमचा जुना टीव्ही लख्ख चालतोय. चित्र अगदी स्वच्छ, रेषा सरळ. त्यांच्याकडे कनेक्शन चांगलं असणार.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. फराळ संपत आला, दिवाळी अजून आहे. टीव्हीने नवीन नाटक केलं, जागा भरली म्हणतो, अपडेट घेत नाही. आत साठवायला जागा इतकी कमी ठेवलीय की कंपनीची स्वतःचीच ॲप मावत नाहीत. तन्वीने दोन काढून टाकली. आता मला धक्का बसायचा बंद झालाय.

अण्णा परत खाटेवर. खुर्चीत पाठ दुखते म्हणाले. तक्रार मात्र एकदाही नाही. विचारलं की, "दिसता, दिसता."

सकाळी अण्णा चहा बशीत ओतत होते, धार थेट चटईवर. नवीन बशा उथळ आहेत. बदलायला हव्यात.

८ नोव्हेंबर, शनिवार

उशीर झालाय. तरी लिहिते, नाहीतर झोप येणार नाही.

मंडळाची कबड्डी स्पर्धा. आमची अजून मातीवर, पांढऱ्या फक्कीच्या रेषा. दरवर्षी पहिल्या सामन्याला अण्णा मानाचे रेषापंच. पांढरा शर्ट काल मीच इस्त्री केला. पोरं पाया पडली. अण्णा रेषेच्या टोकाशी उकिडवे बसले, उजवा डोळा मिटला.

काही वेळाने एका पोराला बाहेर दिलं. पोरगा म्हणाला, "अण्णा, पाय आतच होता." शांतपणे म्हणाला, उद्धटपणे नाही. मुख्य पंच सुर्वे, अण्णांच्याच हाताखाली तयार झालेला, तो जाऊन वाकून बघायला लागला. मीही पुढे गेले. मातीत पायाचा ठसा स्वच्छ उमटला होता. रेषेच्या चांगला आत. आणि फक्कीचा एक कणही हललेला नव्हता.

कोणी हसलं नाही. हसले असते तरी चाललं असतं. सुर्वेने ठशावर चप्पल फिरवली आणि शिट्टी वाजवली. "अण्णांनी दिलंय, बाहेर." पोरगा खाली मान घालून गेला. सगळ्यांनी बघितलं होतं.

अण्णांनी मला जवळ बोलावलं. हळूच, कानात. "शुभा गो, फक्की वाकडी मारल्यानी. मधीच भायर गेली, बघ."

मी बघितलं. दोरी लावून मारलेली फक्की. कुठेही वाकडी नाही.

"टीव्हीत दिसता तशीच," अण्णा म्हणाले.

इथे टीव्ही नव्हता. कंपनी नाही, पडदा नाही, केबलचा डबा नाही. माती आणि रेषा. मी तिथेच मातीत बसले. पाटकर काकांनी खुर्ची दिली, त्यांना वाटलं ऊन लागलं.

घरी आणून त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं, टीव्ही लावला आणि म्हटलं उजवा डोळा झाका. नको म्हणाले. मग झाकला. समोर बातम्या देणारी मुलगी.

"काय दिसतं?"

त्यांनी मान जरा तिरकी केली. "केस दिसतत. साडी दिसता."

"आणि चेहरा?"

"चेहरो नाय."

१० नोव्हेंबर, सोमवार

तेच हॉस्पिटल. डॉक्टर बाई तरुण, माझ्याहून लहान. अण्णांच्या हातात चौकोनांच्या जाळीचा कागद दिला, मध्ये एक टिंब. आधी डावा डोळा झाकून. सगळ्या रेषा सरळ. मग उजवा झाकून. अण्णांनी कागद जवळ नेला, लांब नेला. "मधी काय नाय. आजूबाजूक लायनी वाकल्यो."

"कधीपासून आजोबा?"

"टीव्ही इलो तेव्हापासून."

डॉक्टर आमच्याकडे बघायला लागल्या. नितीनने सगळं सांगितलं, खाट, खुर्ची, केबलचा डबा. माझं नाव कुठेच घेतलं नाही. टीव्ही आम्ही तपासला, असंच म्हणाला. मला ते जास्त लागलं.

मोतीबिंदू नाहीच. डोळ्याच्या मागच्या पडद्यात, अगदी मधोमध, रक्त आणि पाणी झिरपलंय. वयाने होतं. डोळ्यात इंजेक्शनं द्यायची, पुन्हा पुन्हा. उरलंय ते टिकवायचं, गेलेलं किती परत येईल सांगता येत नाही. यात वेळेला फार महत्त्व असतं, म्हणाल्या. मग संगणकात बघून, "तुमची सप्टेंबरमध्ये अपॉइंटमेंट होती ना? कॅन्सल दिसतेय."

"तेव्हा आले असते तर?" मी विचारलं. विचारायलाच नको होतं.

"बरं झालं असतं."

टॅक्सीत अण्णा मध्ये बसले होते. उतरताना त्यांनी माझा हात धरला, पायरी चुकू नये म्हणून. पूर्वी धरत नसत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसला गेले नाही. खाटेवर पडून बघितलं, त्यांच्यासारखं. उजव्या कुशीवर झोपलं की उजवा डोळा उशीत जातो. बघतो तो एकटा डावा. खुर्चीत ताठ बसवलं तेव्हा दोन्ही डोळे उघडे, उजव्याने डाव्याचं झाकून घेतलं. माझी परीक्षा. सगळ्यांसमोर, रीतसर. टीव्ही मधोमध आला म्हणून नव्हे, उजवा डोळा उघडा राहिला म्हणून रेषा सरळ झाली होती.

टीव्हीबद्दल मी शोधलेलं एक अक्षरही चूक नव्हतं. बाजूने फिका आहेच. रेषेच्या पायऱ्या होत्याच. सगळं खरं होतं, म्हणून तर मी थांबले. काहीतरी खोटं निघालं असतं तर पुढे शोधलं असतं. दोन कारणं एकाच वेळी असू शकतात हे मी रोज क्लेममध्ये लिहिते. स्वतःच्या घरात सुचलं नाही. चीड येते, इतकी की भांडी आपटली.

आणि जुना टीव्ही पाटकरांकडे लख्ख चालतोय हे मी डोळ्यांनी बघून आले होते. त्याचं कनेक्शन चांगलं असणार म्हणे.

दुपारी अण्णांना भिंगाचं विचारलं. मोठं कधी आणलं?

"उन्हाळ्यात."

म्हणजे टीव्हीच्या आधी. म्हणजे त्यांना...

मी भिंग परत उशाखाली ठेवलं. तेच बोलले मग. "माका वाटत होता, टीव्हीचाच काय ता आसूंदे." थोड्या वेळाने, "तू इतक्या हौसेन शोधलंस. मग माकाय ता खरा वाटला."

बाथरूममध्ये जाऊन रडले. नळ सोडून.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पहिलं इंजेक्शन झालं. डोळ्यात सुई या कल्पनेनेच मी बाहेर थांबले. अण्णा आत गेले आणि चहा पिऊन यावं तसे बाहेर आले. डोळ्यावर पट्टी. नितीन म्हणतो दुसरा टीव्ही घेऊ, बाजूने चांगला दिसणारा. अण्णा म्हणाले काय नको, खाट सरकवा. खाट सरकवली. आता टीव्ही समोर आणि कपाटाचं दार अर्धंच उघडतं.

सुर्वे भेटायला आला होता, पेढे घेऊन. कशाचे ते त्यालाही सांगता येईना. जाताना म्हणाला, "अण्णा, पुढच्या वर्षी पहिला सामना तुमचाच." अण्णांनी मान हलवली. हो की नाही, समजलं नाही.

रोजचं काम दिलंय डॉक्टरांनी. जाळीचा कागद भिंतीवर लावायचा, सकाळी उजवा डोळा झाकून बघायचा. रेषा जास्त वाकल्या किंवा डाग वाढला तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच आणायचं. हे त्यांनी दोनदा बजावलं.

३० नोव्हेंबर, रविवार

कागद फ्रिजच्या दारावर आहे. रोज सकाळी अण्णा दात घासून त्याच्यासमोर उभे राहतात, डोळ्यावर हात नेतात आणि पंचासारखे निर्णय देतात. पहिले काही दिवस, "वाकडी." मग, "थोडी वाकडी." परवापासून, "सरळ." नितीनने गावी फोन करून सांगितलं, इंजेक्शन लागू पडलं. तन्वीने आजोबांना मिठी मारली. मीही देवापुढे साखर ठेवली.

आज मी पोळ्या लाटत होते. नेहमी पाठमोरे दिसतात, आज कडेने दिसले. त्यांचा हात कपाळाला होता, सलाम केल्यासारखा. उजवा डोळा झाकलेलाच नव्हता. टक्क उघडा.

"सरळ आसा," म्हणाले.

नितीन पेपरातून मान न काढता म्हणाला, वा. मी तव्यावरची पोळी उलटली. एक जळली.

बोलले नाही अजून कोणाला. काय बोलणार, त्यांना आनंदात बघायची सवय झालीय चार दिवसांत सगळ्यांना. मलाही. परवापासून की पहिल्या दिवसापासूनच हात कपाळाला होता, ते मला माहीत नाही. बघितलंच नाही, "सरळ" ऐकलं आणि साखर ठेवली.

उद्या सकाळी त्यांच्या मागे उभी राहणार आहे. उजवा डोळा मी माझ्या हाताने झाकणार आणि मग विचारणार. चिडतील. चिडू देत. नितीनला म्हटलंय, उद्या जरा उशिरा जा ऑफिसला. कशाला ते सांगितलं नाही.